जिन्यापाशी लाटा

३ मार्च, सोमवार

जिन्याजवळचा डबा गेला! सकाळी सहाला बाकीचे चौघे वेळेवर बोलायला लागले, हा मख्ख. प्लग काढून पुन्हा लावला, पाठीत थोपटला, शिव्या घातल्या. दिवासुद्धा लागेना.

आणि आई पॅसेजच्या मधोमध उभी. एक हात भिंतीवर, मान तिरकी. "ढोल कुठे गेला गं?" धावत जाऊन तिचा दंड धरला, तर म्हणते, "अगं धरतेस काय अशी, चोर पकडल्यासारखी!"

काचबिंदूनं आईची नजर गेली त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून हे डबे आहेत – घरच्या वाय-फायवर गाणी वाजवणारे. पाच जागी पाच, प्रत्येकाचा आवाज वेगळा. तिच्या खोलीत बासरी, हॉलमध्ये पियानो, स्वयंपाकघरात रेडिओची बडबड, बाथरूममध्ये समुद्राच्या लाटा आणि जिन्याच्या तोंडाशी ढोल. ढोल म्हणजे – थांब, पुढे पायऱ्या आहेत. कान लावून चाललं की घरभर फिरता येतं. कल्पना माझी, आणि मला तिचा गर्व आहे. लपवू कशाला? लाटांबद्दल आईची एकदाच तक्रार आली होती: "ऐकल्या की घाई होते." तेवढीच!

कंपनीनं हे डबे बनवणं कधीच सोडून दिलं. मग इंटरनेटवरची सेवाही बंद केली – "आमच्या प्रिय ग्राहकांना कळवण्यास खेद होतो." खेद म्हणे! तेव्हापासून सगळे आवाज माझ्या कपाटातल्या जुन्या कॉम्प्युटरवरून सुटतात. कुणी काय वाजवायचं ते तोच ठरवतो. नव्या राउटरशी या डब्यांचं पटत नाही, म्हणून यांच्यापुरता एक म्हातारा राउटरही पोसलाय. बटणांवरचं रबर चिकट होतं, ते स्पिरिटनं पुसते. डब्यांवरचे छोटे पडदे अंधारलेत. चालायचंच.

दादा पंधरा तारखेला येतोय. ठरवायला! आईनं इथं माझ्याजवळ राहायचं, की त्याच्या शहरातल्या त्या वृद्धांच्या संस्थेत. फोनवर म्हणाला, "छोटी, ती घरात एकटी फिरतेय तोवर माझं काही म्हणणं नाही. नाहीतर बघावं लागेल." मी बावन्न वर्षांची घोडी, अजून छोटी! आणि नेमका आत्ताच ढोल बंद. दुष्काळात तेरावा महिना.

४ मार्च, मंगळवार

भंगारसम्राटाला फोन केला. या डब्यांचे सुटे भाग विकणारा हा एकच माणूस उरलाय. नाव मी ठेवलंय, त्याला माहीत नाही.

"ताई, ते मॉडेल देवाघरी गेलं."

"मग देवाघरचा काही माल आहे का तुमच्याकडे?"

हसला. म्हणाला, एक डबा खोलून ठेवलाय. स्पीकर चांगला, पॉवरचा भाग चांगला, बाकी सगळ्याची माती झालीय, पडदा तर फुटलेलाच. मी म्हटलं, "पडदा नकोच, आमच्याकडे बघणारं कोण आहे!" बोलून गेले आणि जीभ चावली.

त्याचं नेहमीचं पालुपद – "नवीन घ्या की!" घेतला होता एक. त्याला आधी माझा फोन हवा, मग पासवर्ड हवा, मग मनात येईल तेव्हा स्वतःला अपडेट करायला गप्प बसणार. हॉलमध्ये बसला असता तर बसू दिलं असतं. जिन्याच्या तोंडाशी गप्प बसून कसं चालेल?

तोवर म्हणून जिन्यापुढे खुर्ची आडवी घातली. आई तिला धडकली नाही, पण हात लागलाच. "इथे ही धोंड कुणी आणून ठेवली? मी काय जनावर आहे, आडवं घालायला?" दोन वर्षांपूर्वी मी लाकडी फाटक बसवू म्हटलं तेव्हाही हेच ऐकलं होतं. खुर्ची हलवली. दिवसभर आईवर एक डोळा ठेवून काम केलं. काम कसलं – कवळीत एक दाढ उलटी बसवली!

५ मार्च, बुधवार

आई आज खाली आली नाही. ढोल नाही तोवर जिना नको, असं मीच बजावलं होतं. एरवी रोज दुपारी एकटी जिना उतरून माझ्या कामाच्या खोलीत येते. मी कवळ्या घासत बसते, ती स्टुलावर बसून "आज कुणाचे दात?" विचारते. मग आम्ही त्या न पाहिलेल्या माणसाची यथेच्छ टिंगल करतो. तो तास माझा सगळ्यात चांगला. हे सगळं मी त्या तासासाठीच करते, असंही म्हणता येईल.

आज "बरं" म्हणाली आणि बसून राहिली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

७ मार्च, शुक्रवार

पार्सल आलं! कागदाचे बोळे, बोळ्यांत स्पीकर, बोळ्यांत पॉवरचा भाग. भंगारसम्राट, तुमचं भलं होवो.

जिन्याचा डबा खोलला. आतले दोन कपॅसिटर पोट फुगून बसले होते. दोष त्यांचाच होता. मनात म्हटलं, एवढं उघडलंच आहे तर बाथरूमचाही घेऊ. त्याचा स्पीकर दमटपणानं फाटत आलाय, लाटा गुळण्या केल्यासारख्या ऐकू येतात. दादापुढे काही उणं दिसायला नको. एका दगडात दोन पक्षी!

दोन्ही डबे कवळ्यांच्या टेबलावर उघडे. दोघांचे मुख्य बोर्ड काढले, हिरवट बुरा ब्रशनं झाडला, स्पिरिट लावलं, खिडकीत शेजारी शेजारी वाळत ठेवले. जुळी भावंडं. दातांच्या कामाचा हाच फायदा, हात बारीक कामाला सरावलेत.

तेवढ्यात वरच्या कवळीवाले आजोबा आले. उद्या फोटो काढायचाय, आणि कवळी टोचतेय! बसवा, काढा, घासा, पुन्हा बसवा. आरशात बघून म्हणतात, "हसलो तर पडेल का हो?" मी म्हटलं, "मग हसू नका." रागावून गेले. उरलेलं उद्या.

८ मार्च, शनिवार

झालं! दोन्ही डबे पोटं शिवून उभे. दोघांवर सारख्याच बातम्या लावून पाहिल्या. खणखणीत! बुडावर मी चिकटवलेली पट्टी बघून ज्याला त्याच्या जागी नेऊन लावलं. आई झोपायच्या बेतात होती म्हणून तिचे नेहमीचे आवाज आज लावले नाहीत. सकाळी सहाला सगळे आपोआप सुरू होतील.

आईला म्हटलं, "उद्यापासून तुझा ढोल हजर."

"बरं झालं," म्हणाली, "तुझा जीव भांड्यात पडला."

येऊ दे आता दादाला. नाक वर करून दार उघडीन.

९ मार्च, रविवार

आई जिन्यावरून पडली. हॉस्पिटलमध्ये आहोत. बोलतेय. आणखी काही लिहवत नाही.

१० मार्च, सोमवार

डोकं वाचलं. मनगट मोडलंय, कोपरापर्यंत प्लास्टर. गुडघा सुजून तांबडालाल. घरी आणलं.

काल सकाळी मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. रेडिओवरची बाई हवामान सांगत होती. धप्प असा आवाज आला आणि मला वाटलं, रस्त्यावर काही पडलं. मग कळलं. आई वरच्या पायऱ्यांवर आडवी, एका हातानं कठडा घट्ट धरलेला, दुसरा हात अंगाखाली. ओरडली नाही. मला म्हणाली, "घाबरू नकोस." मला! बाई गं.

डॉक्टरनं विचारलं, "आजी, कशा पडलात?" ती लगेच म्हणाली, "दिशा चुकली हो. बाथरूम समजून जिन्यात पाय टाकला. वय झालं." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. बिचारी, असंच मनात म्हणत होते.

आज दुपारी तिला झोपवून पॅसेजमध्ये आले. तिची एक चप्पल अजून पायरीवर पडली होती. ती उचलायला वाकले आणि ऐकलं.

लाटा. जिन्याच्या तोंडाशी लाटा! आणि ढोल तिकडे बाथरूममध्ये.

तिथंच पायरीवर बसले. कपाटातला कॉम्प्युटर डब्याला ओळखतो तो आतल्या बोर्डाच्या नंबरावरून. खोक्याला नाही, माझ्या पट्टीला तर नाहीच. मी खिडकीतून बोर्ड उचलले आणि याचा त्याच्यात, त्याचा याच्यात घातला. जुळी भावंडं! बाथरूमचा जीव जिन्याच्या खोक्यात. आणि तपासताना दोघांवर बातम्या लावून बसले, शहाणी! आई लाटा ऐकत ऐकत बाथरूमला निघाली आणि मी तिला जिन्यावर नेऊन सोडलं.

आणखी एक. रविवारी सहापासून ते तसंच वाजत होतं. मी चहाला जाताना त्याच पॅसेजमधून गेले होते. डोळे धड, कान धड, आणि मला काही कळलं नाही. इतक्या वर्षांत ते आवाज मला ऐकूच येईनासे झालेत.

डब्यांच्या जागा बदलल्या. आता सगळं बरोबर आहे. कुणाला काही बोलले नाही.

११ मार्च, मंगळवार

दादा आला, तडक गाडी काढून. मला वाटलं होतं आल्या आल्या तोंडसुख घेईल. उत्तरं तयार ठेवली होती – फोनवरून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, इथं राहून बघ वगैरे. एकही लागलं नाही. मला जवळ घेऊन म्हणाला, "तुझा काय दोष यात? तू एकटी किती करशील!"

शिव्या दिल्या असत्यास रे, तर सोपं गेलं असतं.

मग जेवताना म्हणाला, "दिशाच कळेनाशी झाली, तर हे डोळ्यांचं नाही राहिलं छोटी. हे डोक्याचं आहे." आई तिथेच बसलेली. मी म्हटलं, "हळू बोल, तिला ऐकू येतं." तर आईच म्हणाली, "असेल बाबा. आताशा होतं तसं."

ताट तसंच उचलून नेलं.

१२ मार्च, बुधवार

आई उठत नाही. म्हणजे उठते, पण हाक मारते. बाथरूमला हात धरून न्या, पाणी हातात द्या, उशी सरळ करा. परवापर्यंत मी हात पुढे केला तर झटकून टाकणारी बाई! पाय धुताना मला म्हणाली, "बघ, करायला लावलंच शेवटी."

दादानं संस्थेत फोन केला. खोली आहे. रविवारी नेतो म्हणाला. "तिथे चोवीस तास माणसं असतात. मी रोज संध्याकाळी जाऊन बसेन." जाईलही, तो तसा आहे. आईला विचारलं. म्हणाली, "बरं."

तुझं बरं गेलं खड्ड्यात! एकदा तरी नाही म्हण.

१३ मार्च, गुरुवार

दिवसभर एकच कवळी हातात. भंगारसम्राटाचा फोन आला, "ताई, वाजतोय ना डबा?" वाजतोय म्हटलं. चांगला खणखणीत वाजतोय.

सांगितलं तर दादा डबे उपटून फेकून देईल. न सांगितलं तर आई जाईल – आणि डोकं गेलं असं ठरून जाईल. तिला स्वतःलाही ते पटत चाललंय, हे मला बघवत नाही. इथपर्यंत सगळं स्वच्छ दिसतं. मग तोंड का उघडत नाही? कारण मला दादापुढे मान खाली घालायची नाही. लिहिताना लाज वाटली, पण तेच खरं आहे. आईपेक्षा माझी मान मोठी!

१४ मार्च, शुक्रवार

सांगितलं.

खाली नेलं त्याला, कामाच्या खोलीत. दार लावलं. बोर्ड कुठे ठेवले होते, कसे उचलले, सगळं. आधी त्याला समजेचना. "म्हणजे डबे अदलाबदल झाले?" खोके नाहीत रे, आतले बोर्ड. दोनदा समजावलं. समजलं तेव्हा तो कवळ्यांच्या साच्यांकडे बघत बसला.

मी म्हटलं, "तिचं डोकं ठणठणीत आहे. चुकले ती मी. तिला नेऊ नकोस."

मग फुटला. "म्हणजे आंधळी बाई आणि पुढे जिना, आणि तू तिला कशाच्या भरवशावर सोडलंस? भंगारातल्या खेळण्यांच्या?" मीही कमी नाही. म्हटलं, "सहा वर्षं त्याच खेळण्यांनी तिला चालवलंय. तू कुठे होतास?" म्हणाला, "आणि एका दिवसात त्यांनीच पाडलं!" करायला गेले एक आणि झालं भलतंच. डोकं गेलं नाही हे त्याला पटलं. पण आता म्हणतो की तिला या घरात ठेवणं म्हणजेच वेडेपणा आहे.

मी रडले. तोही रडला, पण पाठ फिरवून.

वर आलो तर आई विचारते, "कुणाचे दात आज, एवढी भांडाभांडी?" मग तिच्या पलंगाशी बसून तिलाही सांगितलं. आई, तुझी दिशा चुकली नव्हती. मी लाटा जिन्यापाशी लावल्या होत्या.

माझा हात शोधला, बोटं चाचपली, म्हणाली, "भाजलंय की गं हे बोट." सोल्डरिंगला भाजलं होतं, गेल्या शुक्रवारी. मी म्हटलं, "तू रागाव ना!" तर म्हणते, "रागावून प्लास्टर निघणार आहे का?"

१५ मार्च, शनिवार

संपलं. माझ्या हातानंच संपवलं.

सकाळी दादा थंड झालेला. म्हणाला, "तू म्हणतेस ना, डबे बरोबर असले की ती फिरते? दाखव. खोलीतून बाथरूमला जाऊन येऊ दे, हात न धरता. आली, तर मी उद्या एकटा परत जातो. आईशपथ!"

मी पाची डबे तपासले. प्रत्येकापाशी उभी राहून ऐकलं. डोळे मिटूनही ऐकलं. मग म्हटलं, आज धोका नको, आणि सगळ्यांचे आवाज वाढवले, स्पष्ट कळावं म्हणून. दादा जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला, हात पसरून.

आई दारापर्यंत आली. चौकटीला धरून थांबली. पाठीमागून बासरी, हॉलमधून पियानो, डावीकडे लाटा, उजवीकडे ढोल, त्यात ती रेडिओवरची बाई. आईनं मान इकडे केली, तिकडे केली. पाय पुढे टाकला, मागे घेतला. पुन्हा टाकला. जमिनीवर तळवा घासत राहिली. मी मनात ओरडत होते – डावीकडे आई, डावीकडे! ओठ चावून रक्त काढलं. कपाळावर घाम आला तिच्या. प्लास्टरचा हात छातीशी धरलेला, आणि ती तिथेच.

"नाही जमत रे बाबा," म्हणाली आणि मागे वळली. वळताना मात्र कुठे अडखळली नाही. जाऊन पलंगावर बसली.

दादा जिंकल्यासारखा दिसला नाही. तेवढं त्याच्या बाजूनं लिहून ठेवते.

दुपारी बॅग भरली. तिच्या साड्या, औषधं, कंगवा. म्हटलं, बासरीचा डबा देऊ बरोबर? तिथे तुझी खोली तुला कळेल. "नको," म्हणाली. इतकं चटकन म्हणाली की मला लागलं. तुटलेल्या माणसासारखी मी खाली जाऊन बसले, आणि स्टूल रिकामं होतं. आता ते रोजच रिकामं राहील. कुणाचे दात, हे मला कोण विचारणार?

१६ मार्च, रविवार

बॅग गाडीत ठेवून दादा वर आला. आई तयार होऊन पलंगाच्या कडेला बसलेली, पाय अनवाणी. म्हणाली, "छोटे, जायच्या आधी ते सगळं एकदा बंद कर. मला घर ऐकू दे."

कपाटातल्या कॉम्प्युटरची वायर ओढली. पाची डबे गप्प. फ्रिज घुमतोय, नळ ठिबकतोय, दादाच्या हातातल्या किल्ल्या वाजतायत, इतकं सगळं आमच्या घरात आहे हे मला ठाऊकच नव्हतं. आई थोडा वेळ बसली. मग उठली, एकटी. बाथरूमला जाऊन आली. स्वयंपाकघरात गेली, नळ घट्ट पिळला. तिथून सरळ जिन्याकडे. दादानं हात पुढे केला तर म्हणाली, "सरक रे, वाऱ्याच्या आड येतोस." पायऱ्यांच्या कडेवर बोटं टेकवून थांबली.

दादा तिच्या बाजूनं खाली उतरला आणि बॅग घेऊन वर आला.

मी विचारलं, "तुला कळतं इथे जिना आहे?"

"खालून गार लागतं ना पायांना. त्या दिवशीही लागलं होतं."

"मग पाय का टाकलास, आई?"

म्हणाली, "लाटा इथे होत्या. म्हटलं, पाय चुकेल माझा, तू नाही चुकायचीस."